भुजंगनाथाची फजिती करणारा मास्तर

आमच्या नागपूरकडची जुनी मंडळी १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला सर्रास ‘शारदा कायदा’ म्हणत. त्यांतल्या पुष्कळांची प्रामाणिक समजूत अशी होती की, देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरून सरकारने कायद्याला हे नाव दिले. वस्तुस्थिती वेगळी आहे. मध्यवर्ती कायदेमंडळात ते विधेयक मांडणारे सदस्य अजमेरचे हरबिलास सारडा होते. त्यांचे आडनाव कायद्याला चिकटले आणि मराठी जिभेवर आल्यावर सारडाची शारदा झाली. पण मला ही चूक नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आली आहे. एखाद्या समाजाने सरकारी कायद्याचे श्रेय बिनदिक्कत एका नाटकाला देऊन टाकावे, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटू नये, असे भाग्य किती नाटककारांच्या वाट्याला येते?

हे भाग्य लाभलेले गोविंद बल्लाळ देवल स्वभावाने समाजसुधारक नव्हते. त्यांनी व्याख्याने दिली नाहीत, वृत्तपत्र काढले नाही, परिषदा भरवल्या नाहीत. ते शाळामास्तर होते आणि पुढे नटांचे मास्तर झाले. आयुष्यभरात त्यांनी सात नाटके लिहिली. त्यांतली सहा संस्कृत किंवा इंग्रजी कृतींवर आधारलेली. सर्वस्वी स्वतःचे असे नाटक एकच, ‘शारदा’. त्या एका नाटकात त्यांनी जे केले, ते अनेक सुधारकांना आयुष्य वेचूनही साधले नव्हते. ज्याच्यापुढे सारे गाव वाकते अशा माणसाला त्यांनी रंगभूमीवर उभे केले आणि सगळ्या गावाला त्याला हसायला लावले.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर हे त्यांचे गाव. याच सांगलीत त्याआधी बारा वर्षे, १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला होता. देवलांचे इंग्रजी शिक्षण बेळगावला झाले आणि तेथे त्यांना शिक्षक लाभले ते अण्णासाहेब किर्लोस्कर. मॅट्रिक झाल्यावर देवलांनी त्याच शाळेत काही काळ शिकवले. अण्णासाहेबांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. देवल या उद्योगात गुरूच्या बरोबरीने ओढले गेले. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, तेव्हा मंडळींचे छत्र हरपले. पुढची तीस वर्षे नटांना तालीम देण्याचे काम देवलांनी निष्ठेने केले. वाक्य कसे तोडायचे, कोठे थांबायचे, गाताना शब्द कसा जपायचा हे त्यांनी नटांच्या पिढ्यांना शिकवले. त्यांच्या नाटकांतली भाषा आजही अडखळायला लावत नाही, याचे कारण या मास्तरकीत आहे. लिहिलेले वाक्य नटाच्या तोंडात कसे बसते हे त्यांनी रोज पाहिले होते.

सत्तेला हसण्याचे पहिले धडे मात्र त्यांना शूद्रकाकडून मिळाले असावेत. १८८७ मध्ये त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले. त्यातला शकार हा राजाचा मेहुणा. अंगी गुण कोणताच नाही, पण बहीण राजाच्या अंतःपुरात असल्यामुळे साऱ्या उज्जयिनीवर त्याची दहशत. रामायणातली माणसे तो महाभारतात घालतो, आणि भलत्याच कथेचा दाखला मोठ्या ऐटीत देतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण हाच विदूषकी माणूस वसंतसेनेचा गळा दाबतो, तिच्या खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो, आणि मनासारखा निकाल लागावा म्हणून न्यायाधीशालाच नोकरीवरून काढवण्याची धमकी देतो. मूर्खाच्या हातात अधिकार गेला म्हणजे काय होते, याचे इतके हसरे आणि इतके भीषण चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. हसू आणि भीती एकाच माणसात कशी नांदतात, हे देवलांनी तेथे जवळून पाहिले. बारा वर्षांनी भुजंगनाथ लिहिताना ही शिदोरी त्यांच्या उपयोगी पडली.

त्या काळी विनोद कोणाच्या बाजूने उभा होता, हेही आठवले पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये, म्हणजे देवल जन्मले त्याच वर्षी, ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले होते. अडाणी कुणबी जोडप्याला धर्माची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि त्याचे बिंग फोडणारा विदूषक अशी त्याची रचना आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे अधिकाराला हसणारे पहिले मराठी नाटक सव्वाशे वर्षे कागदावरच राहिले. उलट १८८६ मध्ये आलेल्या नारायण बापूजी कानिटकरांच्या ‘तरुणी शिक्षण नाटिके’ने शिकलेल्या बायकांची टर उडवली आणि ती नाटिका गाजली. चष्मा लावलेली, पुस्तक वाचणारी, नवऱ्याला उलट बोलणारी बाई हे हशा पिकवण्याचे हुकमी साधन होते. ज्याच्या हाती काही नाही त्याला हसणे नेहमीच सोपे असते. तो उलटून काही करू शकत नाही.

त्यात १८९१ चे संमतिवयाचे वादळ येऊन गेले होते. विवाहित मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा तो कायदा. आजच्या वाचकाला ही वये वाचतानाच कसेसे होईल. पण त्या वेळी त्यावरून पुण्या-मुंबईत सभा उधळल्या गेल्या, मित्र मित्राला दुरावले. परक्या सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये, अशी टिळकपक्षाची भूमिका होती. आगरकरांनी ‘सुधारका’तून कडाडून उलट बाजू मांडली आणि पुष्कळ सोसून १८९५ मध्ये ते गेले. वादात दोन्हीकडची विद्वत्ता पणाला लागली, शास्त्रवचनांचा पाऊस पडला, आणि ज्या मुलीविषयी हे सगळे चालले होते ती कोठेच दिसली नाही. तिला बोलता येते, तिला भीती वाटते, तिच्याही मैत्रिणी असतात, हे त्या वादात कोणाला सुचले नाही.

या वादळानंतर आठ वर्षांनी, १८९९ मध्ये, किर्लोस्कर मंडळींनी ‘शारदा’ रंगभूमीवर आणली.

कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे, तरी तिची मांडणी पुन्हा पाहण्यासारखी आहे. श्रीमंत भुजंगनाथ पंच्याहत्तरीकडे झुकलेला आहे आणि त्याला पुन्हा बोहल्यावर चढायचे आहे. कांचनभट हा शारदेचा बाप. नावातच सोने असलेला हा भट सोन्यापुढे सगळे विसरतो. दोघांमध्ये दुवा आहे भद्रेश्वर दीक्षित. शारदेची आई इंदिरा जीव तोडून विरोध करते, पण घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला निघतो. त्याला वाटेतून दूर करण्याचे डाव होतात. अखेर ऐन लग्नात वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीला येते आणि लग्न फिसकटते. पण अर्धवट लागलेल्या लग्नाची मुलगी आता कोण करणार? शारदा नदीकडे धाव घेते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्यांचा विवाह होतो.

माझी नोकरी बँकेत झाली. कर्जाची प्रकरणे तपासत आयुष्य गेले, म्हणून असेल, पण ‘शारदा’ वाचताना मला ते एका व्यवहाराचे दप्तर वाटते. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, दलाली तिसऱ्याची. तिघांचेही वागणे अगदी रीतसर. कांचनभट आपण मुलगी विकतो असे म्हणत नाही. मुलीचे कल्याण पाहतो असे म्हणतो. दीक्षित दलाली घेतो असे म्हणत नाही. दोन घरे जोडण्याचे पुण्य पदरी पाडतो. भुजंगनाथही मुलगी खरेदी करीत नाही. वंश चालवण्याचे धर्मकृत्य करतो. सत्तेचा दुरुपयोग बहुतेक वेळा हातात दंडुका घेऊन येत नाही. तो शिष्टाचाराने, सोवळ्याने, मुहूर्त पाहून येतो. सगळी कागदपत्रे चोख असतात. फक्त जिच्या जिवावर व्यवहार ठरला, तिची सही कोठेच नसते.

अशा व्यवहाराविरुद्ध भाषण केले तर तिघेही शास्त्र काढून बसतात. देवलांनी ते टाळले. म्हाताऱ्याचे म्हातारपण आणि त्याचा तरुणपणाचा हट्ट त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. भोवतालचे खुशमस्करे त्याला तो अजून उमेदीत असल्याची ग्वाही देतात, आणि तो ती खरी मानतो. पैसेवाल्याच्या घरात आरसासुद्धा खोटे बोलायला शिकतो. प्रेक्षकाला मात्र दोन्ही गोष्टी एकदम दिसतात, आणि त्याला हसू आवरत नाही. भुजंगनाथाचा दरारा त्याच्या पैशात जेवढा होता, तेवढाच लोकांच्या आदरात होता. पैसा नाटककाराला काढून घेता येत नाही. आदर काढून घेता येतो, आणि देवलांनी नेमका तोच काढून घेतला.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, या नाटकात म्हाताऱ्याला पहिल्यांदा हसतात त्या मुली. नदीकाठी जमलेल्या शारदेच्या मैत्रिणी नवरदेवाच्या वयावरून तिची थट्टा करतात. गाणे खेळकर आहे, चाल सोपी आहे. घराघरांतल्या बायकांच्या तोंडी असाव्यात अशा वळणाच्या चाली आणि शब्द देवलांनी जाणीवपूर्वक वापरले. ज्यांना घरात तोंड उघडायची मुभा नव्हती, त्यांच्या हाती त्यांनी हसण्याचे हत्यार दिले. पण त्या थट्टेने शारदेचा चेहरा उतरतो. मैत्रिणी ज्याला हसताहेत, त्याच्याच घरात तिला उद्यापासून राहायचे आहे. हसणाऱ्या प्रेक्षकाच्या घशात हसू अडकते ते येथे. नाटकातली ही भूमिका करणारे पुरुष नट होते, समोर बसलेले प्रेक्षकही बहुसंख्य पुरुषच होते. त्यांत बाप होते, थोरले भाऊ होते, दुसरेपणाचे नवरेही असतील. आपण आत्ता कोणाला हसलो, हा प्रश्न घेऊनच ते घरी गेले असतील.

या नाटकाला मर्यादा नाहीत असे नाही. शारदा सुटते ती अन्याय होतो म्हणून नव्हे, गोत्र एक निघाले म्हणून. म्हणजे शास्त्राचा फास शास्त्राच्याच दुसऱ्या दोरीने सोडवावा लागला. गोत्र वेगळे निघाले असते तर? या प्रश्नाला नाटकात उत्तर नाही. शेवटी शंकराचार्यांची संमती लागतेच. स्वतःचे लग्न कोणाशी व्हावे, हे शारदेला शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. आजच्या लेकी-सुनांना हे खटकेल आणि खटकावेच. पण मला वाटते, १८९९ च्या प्रेक्षकाला देवल ओळखून होते. त्याला किती पावले चालवता येईल याचा त्यांना अंदाज होता. त्याला आणखी दोन पावले ओढले असते, तर तो नाटकगृहातून उठून गेला असता आणि भुजंगनाथ सुटला असता.

याच सुमारास आपल्या नागपूरचा एक नाटककार किर्लोस्कर मंडळींकडे येऊन पोहोचला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म १८७१ मध्ये नागपुरात झाला आणि वकिली त्यांनी पुढे वऱ्हाडात केली. ‘मूकनायका’त त्यांनी दारूच्या व्यसनाला हात घातला, ‘मतिविकारा’त विधवेच्या प्रश्नाला. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी १९१९ मध्ये येथून जवळच सावनेरला शेवटचा श्वास घेतला. कोल्हटकरांचा विनोद कोटिबाज, चमकदार. तो त्यांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त अधिक खुलला. देवलांचा विनोद साधा, घरगुती. कोल्हटकरांच्या वाक्याला आपण दाद देतो आणि देवलांच्या माणसाला ओळखतो. भुजंगनाथ हे नाव पुढे विशेषनाम राहिले नाही. गावात कोणी म्हातारा लग्नाला उभा राहिला की लोक त्याला भुजंगनाथ म्हणू लागले. टोपणनाव एकदा पडले की ते पुसायला कोणतीही तिजोरी पुरत नाही.

नाटकाने कायदा केला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण कायद्यासाठी जमीन नांगरावी लागते, आणि या कामात आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले, आणि पुढे सागर विद्यापीठासाठी आपली मिळकत देणारे डॉ. हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात संमतिवयाचा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित केला. १९२८ मध्ये सरकारने संमतिवय समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे प्रसिद्ध वकील सर मोरोपंत जोशी. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. तिचा अहवाल १९२९ मध्ये आला, त्याच वर्षी सारडांचे विधेयक संमत झाले आणि १ एप्रिल १९३० पासून कायदा अमलात आला. मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा ठरले, मुलाचे अठरा. १८९१ मध्ये दहाचे बारा करताना महाराष्ट्र दुभंगला होता. अडतीस वर्षांनी विरोध झाला नाही असे नाही, पण म्हाताऱ्या नवरदेवाची बाजू भर सभेत मांडणे पूर्वीइतके सोपे राहिले नव्हते. त्याची बाजू घेणाऱ्यालाही लोक हसले असते. मधल्या काळात गावोगावच्या तंबूंत आणि नाटकगृहांत भुजंगनाथाची फजिती किती रात्री झाली असेल, त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

देवलांना हे पाहायला मिळाले नाही. १४ जून १९१६ रोजी ते गेले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपल्या जुन्या ‘फाल्गुनराव’ या गद्य प्रहसनात पदे घालून ते बालगंधर्वांच्या मंडळींसाठी नव्याने सजवले. तेच १९१६ मध्ये आलेले ‘संशयकल्लोळ’. मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलिएरची. ती मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराच्या हातून देवलांकडे आली आणि अशी मराठी झाली की परकेपणाचा वासही उरला नाही. फाल्गुनरावाची भूमिका गणपतराव बोडसांनी गाजवली. एका तसबिरीवरून उठलेला संशयाचा धुरळा पाहताना आपण मनमुराद हसतो. पण तेथेही देवलांनी पुरुषाच्या घरगुती सत्तेलाच गुदगुल्या केल्या आहेत. बायकोवर पाळत ठेवणारा नवरा स्वतःच हास्यास्पद होतो. आणि कृत्तिका त्याच्यापुढे मान खाली घालून उभी राहत नाही. तीही तेवढ्याच ताकदीने त्याच्यावर संशय घेते. संशयाचा अधिकार एकट्या नवऱ्याचा नाही, हे सतरा वर्षांपूर्वीच्या शारदेच्या आईला म्हणता आले नव्हते.

सत्तेशी नाटकाने दुसऱ्या वाटेनेही झुंज दिली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारने ते नाटक बंद पाडले. ‘शारदे’वर बंदी घालावी असे सरकारला वाटण्याचे कारण नव्हते, कारण तिच्यातला सत्ताधीश गोरा नव्हता. तो आपल्यातलाच होता. आपल्या पंगतीत बसणारा, आपल्या देवळाला देणगी देणारा, आपल्या घरी आला तर ज्याला पाट मांडावा लागेल असा. परक्याविरुद्ध संतापायला धैर्य लागते हे खरे, पण आपल्या पंगतीतल्या माणसाला हसायला त्याहून निराळे धैर्य लागते. ते देवलांनी दाखवले आणि प्रेक्षकांनाही दिले.

१९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा झाले. २००६ मध्ये बालविवाहाविरुद्ध नवा, अधिक कडक कायदा आला. तरीही लग्नसराईत बालविवाह रोखल्याच्या बातम्या येतच असतात, आणि न रोखलेल्यांची बातमी होत नाही. कांचनभटाची गरिबी आणि हाव, दीक्षिताची दलाली, भुजंगनाथाचा पैसा, यांतले काहीच संपलेले नाही. फक्त कपडे बदलले आहेत. कायदा पोलिसांना बोलावतो. पण पोलिसांना कळवणारा शेजारी आधी लागतो, आणि या लग्नात काहीतरी ओंगळ आहे असे त्या शेजाऱ्याला मनातून वाटावे लागते. ते वाटायला लावण्याचे काम एका मास्तराने कोणावर आवाज न चढवता केले. म्हणून आमच्या जुन्या मंडळींनी कायद्याचे नाव चुकवले, त्यात दुरुस्ती करावी असे मला कधी वाटले नाही.